पुठ्ठ्यावरचे डाग

रात्री उरालच्या पोटाखाली मी पुठ्ठा सरकवतो,
सकाळी तोंड धुण्याआधी ओढून बघतो.
सोमवारी सात थेंब. मंगळवारी अकरा.
काल मोजायचं सोडलं,
एकच डाग होता, सेवान सरोवराच्या आकाराचा.

सासूबाई कॉफीच्या उपड्या कपात भविष्य बघतात.
त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, चष्मा चढवला,
म्हणाल्या, प्रवास आहे. खर्चाचा.

तीन चाकं, दोन सिलिंडर,
वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
बाजूच्या डब्यात चेचिल चीजच्या बादल्या ठेवून
मी मार्माशेनहून ग्युम्रीच्या बाजारात येतो.
ऑइलचा वास येतो म्हणून एक गिऱ्हाईक तुटलं.
दुसरी एक बाई म्हणते, तिच्या नवऱ्याला तोच आवडतो.

सील मी बदललं. तीनदा.
एक तिबलिसीहून मागवलेलं,
एक कुणाच्या मेलेल्या गाडीतून उपसलेलं,
एक खोक्यावर लिहिलेल्या नावाला न जागणारं.
गॅस्केट तर घरीच कापलं,
सातेनिकच्या शिवणाच्या कात्रीनं.
(त्या कात्रीचा विषय अजून मिटलेला नाही.)
गळतंय म्हणून बोल्ट आवळले,
तरी गळतंय म्हणून आणखी आवळले.
ॲल्युमिनियम ओरडत नाही.
एक दिवस बोल्ट नुसताच फिरायला लागला,
लोण्यात बोट फिरावं तसा.

मग वरझदातकडे.
रेल्वे यार्डामागे लोखंडी गॅरेजांची रांग,
बाहेर उणे अठरा, आत शेगडीत
लोकांच्या गाड्यांचं काळं ऑइल जळतंय.
त्यानं गाडीला हातही लावला नाही.
"कुठून गळतं?"
मी बोट दाखवलं.
"तिथून पडतं," तो म्हणाला. "गळतं कुठून?"

रॉकेल दिलं, ब्रश दिला, मला खाली बसवलं.
दोन तास मी इंजिनाला न्हाऊ घातलं,
पंखांच्या फटीफटीतून, सिलिंडरच्या काखेतून
किती वर्षांची धूळ, वाटेतलं गवत,
एक कागदी बिल, तारीख पुसलेलं.
कोरडं झाल्यावर त्यानं नातवाच्या पावडरचा डबा आणला
आणि सगळ्यावर पांढरं भुरभुरवलं.
लग्नातल्या पाहुण्यासारखी दिसत होती गाडी.
"आता चालू कर. आणि हात खिशात ठेव."

दहा मिनिटं.
पांढऱ्यात एक काळी रेघ उगवली.
मग दुसरी, भलतीकडे. मग डावीकडून, मग मागून.
चार सांधे, चारी एकदम रडायला लागले.
वरझदातनं एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.
अर्थ एवढाच की
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

टाकीखाली हात घालून त्यानं एक नळी ओढून काढली.
ब्रीदर. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी.
मोठ्या बॅटरीखाली सापडून चपटी झालेली.
ती बॅटरी मीच बसवली होती, ऑक्टोबरात,
गुडघ्यानं दाबून, फुशारकीनं.

"श्वास कोंडला की वाट सापडेल तिथून फुटतं," तो म्हणाला.
मला घर आठवलं,
कात्रीनंतरचे तीन दिवस, बंद खिडक्या.
"म्हणजे माणसाचंही..." मी सुरू केलं.
"माणसांचं मी करत नाही," वरझदात म्हणाला.
"ऑइल गरम आहे तोवर सोडून दे.
तांब्याचा वॉशर शेगडीत लाल कर, पाण्यात टाक,
मऊ पडतो, पुन्हा बसतो.
आणि हाताला जोर आहे म्हणून लावायचा नसतो."
फिरणाऱ्या बोल्टाचं वसंतात बघू म्हणाला.
पैसे घेतले. थोडं चीजही घेतलं.

परतताना बाजारात धारवाल्याकडे थांबलो.
रात्री शिलाई मशीनवर कात्री ठेवली, बोललो नाही.
सातेनिकनं एक दोरा कापून बघितला.
मग कात्री नाकाशी नेली.
"वास येतोय," म्हणाली,
आणि उठून खिडकी उघडली,
उणे अठरात.

सकाळी पुठ्ठ्यावर एकच थेंब.
सासूबाई वैतागल्या,
एवढ्याशात काय वाचू?